सूचकाचा नंबर

"लिवा की शिवादादा, पेन का थांबलं?" कौसाबाई कुंभार म्हणाली.

पेन मीच थांबवलं होतं. तहसील कचेरीच्या आवारात, लिंबाच्या झाडाखाली, माझ्या टेबलासमोर ती उकिडवी बसली होती. सत्त्याण्णव सालची गोष्ट. ग्रामपंचायतीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस, घड्याळात सव्वादोन वाजलेले आणि तीनला अर्ज घ्यायचे बंद. सकाळपासून मी एक्केचाळीस अर्ज लिहिले होते. तालुक्यातल्या तेवीस गावांच्या निवडणुका एकदम लागल्या होत्या आणि त्यातली निम्मी गावं माझ्याच टेबलावर येऊन पडली होती. बोटं आखडली होती, पाठ धरली होती, चहासुद्धा डाव्या हातानं घेत होतो.

"कौसाबाई, अण्णांना माहीत आहे का हे?"

"अण्णांस्नी इचारूनच अर्ज भरायचा असता, तर मग निवडनूक कशाला पायजे व्हती?"

अण्णा म्हणजे नारायणराव घोगरे, आमच्या करंजवाडीचे पुढारी. करंजवाडीत तोवर मतपेटी कधी आलीच नव्हती. पंचायत सुरू झाली तेव्हापासून प्रत्येक निवडणूक बिनविरोध. आधी अण्णांचे वडील, मग अण्णा. पद्धत ठरलेली होती. निवडणूक लागली की गावातले सगळे गडी खंडोबाच्या देवळात जमायचे. अण्णा सात नावं वाचायचे आणि ज्यांची नावं नाहीत त्यांनी एकेकानं पुढं होऊन बेल-भंडारा उचलायचा, की मी अर्ज भरणार नाही. देवाचा भंडारा उचलला की विषय मिटला. मग त्या सातांचे अर्ज मी लिहायचो. शेजारची गावं निवडणुकीत एकमेकांची डोकी फोडायची आणि आम्ही शहाण्यांचं गाव म्हणून मिरवायचो. मीही मिरवायचो, खोटं कशाला बोलू.

"अगं, पण देवळात सगळ्यांनी भंडारा उचललाय."

"गड्यांनी उचललाय. ह्या माज्या दिरानंबी उचललाय, मी उभा ऱ्हानार न्हाई म्हनून. त्यो कुठं उभा ऱ्हातोय? त्यो नुसता माजा सूचक हाय. आनि बायांना देवळात बोलवलंच न्हवतं. मग आमी कशाचा भंडारा उचलायचा?"

मला हसू आलं. चाळीस वर्षांत एवढी साधी फट कुणाला दिसली नव्हती. तिच्या मागं उभा असलेला तिचा दीर गेनू मात्र हसला नाही. तो तंबाखू मळत कचेरीच्या फाटकाकडं बघत होता, अण्णांचं कुणी येतंय का म्हणून.

त्या वर्षी आमच्या प्रभाग तीनमध्ये मागासवर्गातल्या बाईची राखीव जागा पहिल्यांदाच पडली होती. अण्णांनी ती आपल्या ट्रॅक्टरवरच्या ड्रायव्हरच्या बायकोला, वत्सला माळीला दिली होती. वत्सलालाही देवळात बोलावलं नव्हतंच. आपण उमेदवार आहोत हे तिला माझ्या टेबलावर अंगठा उठवताना कळलं.

"निवडून येऊन तू करणार काय, कौसाबाई?"

"काय न्हाई. एकदा न्हाई म्हननार."

"कशाला?"

"आव्याच्या जागंला. स्टँडपाशी आमचा आवा हाय, आज्जा-पंज्यापासनं मडकी भाजतोय तितं. नवी पंचायत आली की तितं गाळं बांधायचा ठराव हुनार, अण्णांनी बोलून दावलंय. आमी वकिलाला इचारलं. त्यो म्हनला, समद्यांनी एकमतानं ठराव केला तर वरनं कुनी बघत न्हाई. पर एका मेंबरानं जरी न्हाई म्हनून लिवलं, तर चवकशी लागती, जागा अडती." तिनं बोट वर केलं. "सा जनांचं हात वर जाऊ द्यात की. एक खाली ऱ्हायला पायजे. पाच घरं हायत आमची त्या आव्यावर."

माणूस निवडणुकीला कशाकशासाठी उभा राहतो हे मी खूप पाहिलं होतं. भाऊबंदाची जिरवायला, सोयरिकीत वजन वाढवायला, नुसता पांढरा शर्ट घालायला. एकदा नाही म्हणायला उभी राहणारी ही पहिलीच.

मी अर्ज पुढं ओढला. नाव, वय, जातीचा दाखला, प्रभाग. मग सूचकाचं नाव.

"गेनूचा मतदार यादीतला नंबर किती?"

"मला कुठं वाचता येतंय? यादी तुमच्याच म्होरं हाय की."

यादी होतीच. मी प्रभाग तीनचं पान काढलं, कुंभारांची घरं शोधली, बोट फिरवलं आणि नंबर घातला. तिनं अंगठा उठवला, गेनूनं एकेक अक्षर आठवत सही केली. पावणेतीनला दोघं पळत पायऱ्या चढून आत गेली. माझ्यासमोर तोवर दुसऱ्या गावचे तिघं येऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी अकराला छाननी होती. छाननीच्या दिवशी मी टेबल मांडायचो नाही. नुसता लिंबाखाली बसून राहायचो. लोक आत जायचे, बाहेर आले की मला हात करायचे. मला सगळे रायटर म्हणायचे आणि तालुक्यात एक म्हणच पडली होती, रायटरच्या हातचा अर्ज बाद होत नाही. बावीस वर्षांत एक अर्ज बाद झाला नव्हता. कुणी पुढारी नव्हतो, जमीन नव्हती, जातीनं गुरव, म्हणजे गावात मान फक्त नैवेद्यापुरता. पण त्या दिवशी मोठमोठे बागायतदार माझ्याकडं बघून मान तुकवायचे. ते मला आवडायचं.

बाराच्या सुमाराला शिपाई बाहेर आला. "रायटर, तुम्हाला आत बोलावलंय."

आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. चार-पाच गावची माणसं भिंतीला लागून उभी. टेबलाच्या एका बाजूला अण्णा, पांढऱ्या टोपीत, शांत. दुसऱ्या बाजूला कौसाबाई आणि गेनू. देवरे साहेब नायब तहसीलदार होते, माणूस सज्जन, आवाज कधी चढायचा नाही.

"हे हस्ताक्षर तुमचं?"

"हो साहेब."

"सूचकाच्या नावापुढं सत्तावन्न नंबर आहे. यादीत सत्तावन्नला चंद्रभागा कुंभार आहेत. नारायणरावांची हरकत आहे, की सूचक यादीत सापडत नाही."

अण्णा गालात हसत म्हणाले, "साहेब, चंद्रभागा ह्या गेनूची आई. तिला जाऊन दोन वर्षं झाली. आमच्या गावात मेलेली माणसंबी सूचक व्हाया लागली."

खोलीत हशा उठला. देवरे साहेब हसले नाहीत. त्यांनी यादी माझ्याकडं फिरवली. सत्तावन्न, चंद्रभागा. तिच्याखाली अठ्ठावन्न, गेनू. एका घरातली माणसं एकाखाली एक. माझं बोट एका ओळीनं वर सरकलं होतं.

"एक ओळ वर-खाली झालेली दिसते," साहेब म्हणाले. "तुमच्या हातून लिहिताना चुकलं असेल तर तसं सांगा. लेखनातली चूक म्हणून मी आत्ता दुरुस्त करून घेतो, अर्ज वैध ठरेल. पण उमेदवारानंच चुकीची माहिती दिली असेल, तर मला काही करता येणार नाही. तुमच्याकडून चुकलं का?"

एवढा सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नसेल. हो म्हणायचं होतं, बस. कौसाबाई माझ्याकडं बघत होती, पण काळजीनं नाही. दवाखान्यात आपला माणूस डॉक्टरशी बोलत असला की आपण जसं निवांत उभं राहतो, तशी ती उभी होती. दारातून पाच-सहा गावचे लोक आत डोकावत होते. त्यातल्या दहाबारा जणांचे अर्ज माझ्या हातचे होते आणि त्यांची छाननी अजून व्हायची होती.

"मी सांगतील तसं लिहितो साहेब," मी म्हणालो. "नंबर बाईंनी सांगितला."

साहेब तिच्याकडं वळले. "बाई, नंबर तुम्ही सांगितला होता का?"

ती गोंधळली. माझ्याकडं बघितलं, मग गेनूकडं, मग पुन्हा माझ्याकडं. तिच्या कपाळावरच्या आठ्या मला अजून दिसतात. ती आठवायचा प्रयत्न करत होती. खरोखर करत होती.

"मी... यादी बघा म्हनलं व्हतं वाटतं," ती हळूच म्हणाली.

"नक्की आठवतंय?"

"न्हाई साहेब. शिवादादा म्हनत्यात तर मीच सांगितला असंल. त्यांचं कशाला चुकंल? मला कुठं वाचता येतंय."

"गेनू, तुम्ही तिथंच होता ना? तुम्हाला काय आठवतं?"

गेनूनं अण्णांकडं बघितलं, मग जमिनीकडं. "माजं ध्यान न्हवतं साहेब. मी फाटकाकडं बघत व्हतो."

साहेबांनी उसासा टाकला आणि अर्जावर लाल शाईनं लिहिलं. बाद.

बाहेर आल्यावर मी लिंबाखाली न थांबता थेट एसटी स्टँडकडं निघालो. ती मागून धावत आली. मला वाटलं, आता विचारणार. मी उत्तरही जुळवून ठेवलं होतं, काहीतरी उडवाउडवीचं.

"दादा, राग धरू नगा," ती म्हणाली. धाप लागली होती तिला. "माज्यापायी तुमच्या हातच्या अर्जाला डाग लागला. बावीस वर्सांत पयला. समदी म्हनत व्हती आत."

मी काय म्हणालो ते आठवत नाही. असू दे, म्हणालो असेन. तिच्या मागं गेनू उभा होता. तिच्याकडं बघून तो थुंकला. "आयच्या नंबरनं अर्ज घातला," तो म्हणाला. "मेल्याली आय हिनं कचेरीत हसायला काढली." आणि तिला तिथंच टाकून चालायला लागला.

संध्याकाळी अण्णांच्या वाड्यावरून पेढे आले. दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः भेटले, पाठीवर थाप मारली. "रायटर, गावाची रीत राखलीत. एक ओळ सरकवलीत, कुनाला काय कळलंसुदिक न्हाई. मानलं."

त्यांना वाटलं, मी मुद्दाम केलं. गावालाही तेच वाटलं. पारावर चर्चा सुरू झाली, की रायटरनं अण्णांकडून काय घेतलं. कुणी म्हणालं मळ्यात तुकडा मिळाला, कुणी म्हणालं पोराला कारखान्यात लावणार. हे कौसाबाईच्या कानावर गेलं तेव्हा ती पारावर जाऊन भांडली म्हणे. शिवादादाला नावं ठेवाल तर जीभ झडंल, चूक माजी हाय, असं म्हणाली.

मी कुणाचंच खोडून काढलं नाही, अण्णांचं नाही, पारावरच्यांचं नाही आणि तिचंही नाही.

नवी पंचायत आली. नवव्या महिन्यात ठराव झाला, सात हात वर. वत्सला माळीचा हात नवऱ्यानं खिडकीतून खूण केल्यावर वर गेला, असं ग्रामसेवक मला हसत सांगत होता. आवा मोडला, गाळे उभे राहिले. कुंभारांची पाचही घरं तालुक्याच्या गावाबाहेर वीटभट्ट्यांवर कामाला गेली आणि तिथंच पत्र्याच्या खोल्या घालून राहिली. पुढच्या निवडणुकीत राखीव जागा फिरून प्रभाग एकला गेली, म्हणजे कौसाबाईची संधी तेवढीच होती. आणि गंमत बघा, त्याच पुढच्या निवडणुकीत करंजवाडीत मतपेटी आली. अण्णांच्या सख्ख्या पुतण्यानं देवळात भंडारा उचलूनही अर्ज भरला. अर्ज मीच लिहिला होता. सूचकाचा नंबर तीनदा तपासून.

अशा निवडणुका मी पुढं किती पाहिल्या, मोजदाद नाही. माणसं बदलली, चिन्हं बदलली, सहलीला नेलेले मेंबर दाढी वाढवून परत यायला लागले. मी खाली मान घालून लिहीत राहिलो. म्हण मात्र टिकली. कौसाबाईचा तो अर्ज लोक धरायचेच नाहीत. ते म्हणायचे, ते तर रायटरनं ठरवून केलं. चुकला नाही तो.

शेवटी अर्ज ऑनलाइन झाले. पोरं कॉम्प्युटरवर भरायला लागली आणि माझं टेबल उठलं. एवीतेवी डोळेही अधू झालेच होते. त्यानंतर एकदा कचेरीसमोरच्या हॉटेलात बसलो असताना एक पस्तिशीची बाई समोर आली. रेशनकार्डावर पोराचं नाव चढवायचं होतं, अर्ज लिहून द्याल का म्हणाली. आडनाव कुंभार, मूळ गाव करंजवाडी. कौसाबाईची सून, पारू.

"फोन नंबर सांग," मी म्हणालो.

तिनं सांगितला. "आत्याबाईंचा घालू नगा हं. त्या नंबर सांगतच न्हाईत कुनाला. घाबरत्यात."

"कशाला?"

"काय म्हायती. नंबर काय, काहीच सांगत न्हाईत. बचत गटात अध्यक्ष व्हा म्हनलं बायांनी, तर म्हनल्या, नगं बाई, माज्या एका बोलानं पाच घरं उठली. गेनूमामांनी तर वीस वर्सं झाली, त्यांच्याशी बोलनं टाकलंय. शेजारच्या खोलीत ऱ्हात्यात, पर एक शबूद न्हाई."

त्या दिवशी मी तिचा अर्ज पुरा केला आणि तसाच रिक्षात बसून तिच्याबरोबर गेलो. धाडस वगैरे काही नव्हतं. थकवा होता. इतकी वर्षं ते घेऊन बसायचा आता कंटाळा आला होता.

कौसाबाई खोलीबाहेर मिरच्या निवडत बसली होती. केस सगळे पांढरे. मला बघून उठायला लागली. मी बस म्हणालो आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

"कौसाबाई, तो नंबर तू सांगितला नव्हतास. तू यादी बघा म्हणालीस, यादी मीच बघितली, ओळ माझी चुकली. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो."

तिनं हातातल्या मिरचीचं देठ मोडलं.

"अण्णांनी सांगितलं व्हतं तुमाला?"

"नाही."

"काय दिलं व्हतं?"

"काही नाही. कुणी काही दिलं नाही. लोक म्हणतात रायटरचा अर्ज बाद होत नाही. तेवढ्यासाठी." गावानं वीस वर्षं मला विकला गेलेला माणूस मानलं, ते मी खुशाल मानू दिलं. विकला गेलेला माणूस निदान हुशार असतो. चुकलेला माणूस नुसता चुकलेला. मला तेवढं होता आलं नाही, आणि ते मी वाचता न येणाऱ्या एका बाईच्या पदरात टाकलं.

"मंजी मी यादी बघा म्हनलं व्हतं," कौसाबाई म्हणाली.

"म्हणाली होतीस."

"मला तसं वाटलं व्हतं. साहेबाला मी सांगितलंबी तसं." तिचा आवाज चढला. "रातच्याला पडल्यावर मी किती डाव आठवलं, शिवादादा. म्हनायचे, मी यादी बघा म्हनलंय. मग म्हनायचे, न्हाई, येडे, तू कसली म्हनतीयास, शिवादादा खोटं बोलतील व्हय? वीस वर्सं मी माजंच खरं मानलं न्हाई."

माफ कर म्हणालो. ते तिनं ऐकलं की नाही माहीत नाही. ती सुनेला हाका मारत होती.

"पारू! हिकडं ये. हे काय सांगत्यात ते ऐक. सांगा शिवादादा, पुन्यांदा सांगा."

मी पारूला सांगितलं. मग शेजारच्या खोलीतल्या दोन बाया आल्या, त्यांना सांगितलं. मग कौसाबाईचा मुलगा भट्टीवरून जेवायला आला. तिनं त्याला हातपाय धुऊ दिले नाहीत. आधी ऐक म्हणाली. त्यालाही सांगितलं. प्रत्येक वेळी ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी कुठला शब्द गाळला तर आठवण करून देत होती. "साहेबांनी इचारलं त्येबी सांगा. मी काय म्हनले त्येबी सांगा."

मग ती उठली, पदर खोचला आणि माझ्या दंडाला धरून मला शेजारच्या दारात नेलं. आत खाटेवर गेनू पडला होता, सुकून गेलेला. तिला दारात बघून त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मी त्याला सगळं सांगितलं. तो हलला नाही.

"असं नव्हं," कौसाबाई म्हणाली. "त्यांस्नी ऐकू येत न्हाई आता. मोठ्यानं सांगा."

मी पुन्हा सुरुवात केली. मागं गल्ली गोळा झाली होती.

"अजून मोठ्यानं," ती म्हणाली.